हातचा ठेवायचा कुठे?

अन्याय झाला तो माझ्या मैत्रिणीवर. परीक्षेच्या रविवारी, भर दुपारी, प्रश्नपुस्तिकेचं सील फोडून चार पानंही उलटून झाली नव्हती तेव्हा, यवतमाळातल्या एका शाळेच्या वर्गात तिची बोटं बंद करण्यात आली.

तोंड बंद करतात, दुकान बंद करतात, रस्ता बंद करतात. बोटं बंद करतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मला लिहायला ज्या ताईंनी शिकवलं त्या पत्रकं लिहायच्या. त्यांचं म्हणणं असं की कोणावर अन्याय झाला आणि केव्हा, हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे. लाजत लाजत तिसऱ्या परिच्छेदात सांगायचं नाही, तिथपर्यंत कोणी वाचत नाही. त्यामुळे आठवणीसुद्धा मला तशाच सुचतात. ही आठवण खरं तर आनंदाची आहे. आजही ती सांगताना आम्ही दोघी हसतो. पण हसून झाल्यावर माझा राग जागेवरच असतो, आणि तो मी इथे झाकून ठेवणार नाही.

घाटंजीत आमच्या वस्तीत विहाराला लागून एक खोली आहे. तिला आम्ही अभ्यासिका म्हणतो. वर टिन, आत तीन पंखे, त्यातला एक फक्त आवाज करतो. वस्तीतली आणि आसपासच्या गावांतली पोरं तिथे अभ्यासाला येतात, आणि कोण कुठला हे कोणी विचारत नाही. माझी मैत्रीण गावाबाहेरच्या तांड्यावरून सायकलवर यायची. आम्ही दोघी एकाच परीक्षेला बसणार होतो, ज्या परीक्षेतून डॉक्टरकीला आणि दातांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळतो तिला. फरक एवढाच की तिला प्रवेश पाहिजे होता, आणि मला बाबांनी फॉर्म भरायला लावला होता. बाबांचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुसऱ्यांच्या मुलांचे फॉर्म दिवसभर काढून काढून त्यांना वाटायचं, एक आपल्या घरचाही असावा.

तिला दातांचंच पाहिजे होतं. हे लोकांना पटायचं नाही.

"एमबीबीएस लागत नाई म्हणून दाताचं करून राह्यली का?" अभ्यासिकेत कोणीतरी हटकून विचारायचं.

"नाई. एमबीबीएस लागलं तरी दाताचंच करीन."

"काहून बाप्पा?"

"माह्या काकाचं तोंड उघडत नाई म्हणून."

लोकांना वाटायचं काका अबोल आहे. काका मुळीच अबोल नव्हता. तो ऑटो चालवायचा, आणि आर्णीपासून घाटंजीपर्यंत प्रवाशाला बोलून बोलून थकवायचा. पण बोलायचा तो दात आवळून, कारण वर्षानुवर्षं खर्रा खाऊन त्याच्या गालांच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ झाली होती. आमच्याकडे खर्रा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून घोटून एकजीव करतात, आणि तो तोबरा दिवसभर गालात असतो. कॉलेजच्या गेटसमोर मिळतो, दवाखान्यासमोर मिळतो.

ती दहावीत असताना तांड्याजवळच्या शाळेत दातांचं शिबिर आलं होतं. ती काकाला ओढत घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी काकाला सांगितलं, तुमची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला. निरोगी माणसाची तीन जातात. काकाचं एक गेलं, दुसरं दातांवर अडलं. मागे रांगेत उभे असलेले लोक हसले. काकाही हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं, आत जायला जागाच नव्हती. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला जवळ बोलावून आत काय झालंय ते दाखवलं, आणि खर्रा सुटला नाही तर पुढे काय होऊ शकतं तेही सांगितलं. परत येताना ऑटोत ती स्वतःच्या तोंडात तीन बोटं घालून बघत होती, असं काका अजून सांगतो.

तेव्हापासून तिला दाताची डॉक्टर व्हायचं होतं. तिच्या घरी बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. याडी, म्हणजे तिची आई, एवढंच म्हणाली होती की एकदा परीक्षा दे, एकदाच, नाही लागलं तर मग आपण तुझ्या लग्नाचं पाहू. ती धमकी नव्हती, याडीच्या मनातला तो खरोखरचा बेत होता. त्यामुळे मैत्रिणीच्या हातात एक रविवार होता. माझ्या हातात असे कितीही रविवार होते.

आता बोटांचं सांगते.

ती आकडेमोड पेरांवर करायची. अंगठा सोडला तर चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, म्हणजे एका हातावर बारा. अंगठ्याचं टोक एकेका पेरावर टेकवत जायचं आणि ओठांत गोरबोलीतले, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीतले, आकडे म्हणायचे: एक, दी, तीन, च्यार. हे तिला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. याडी फेटियावर आरशांचं भरतकाम करते, फेटिया म्हणजे त्यांचा घेरदार घागरा. सुई उजव्या हातात असते आणि टाक्यांचा हिशेब डाव्या हाताच्या पेरांवर चालतो. मांडीवर बसून मुलीनं लहानपणी तेच पाहिलं. पुढे फिजिक्स आलं तेव्हा तिनं टाक्यांच्या जागी दहाचे घात बसवले. तुम्हाला आठवत असेल, फिजिक्समध्ये फार मोठ्या आणि फार लहान संख्या दहाच्या डोक्यावर एक छोटा आकडा लिहून मांडतात. तो छोटा आकडा चुकला की सगळं गणित गेलं. तिचे अधिकचे घात उजव्या हातावर, उण्याचे डाव्या. उणे चौतीस म्हणजे डाव्या हाताचे दोन फेरे आणि वर दहा पेरं. त्याला अधिक आठनं गुणायचं असलं की ती डाव्या हातावर आठ पेरं मागे यायची, दोन फेरे आणि दोन, उत्तर उणे सव्वीस. माझं पेन अजून कागदावर टेकलेलं नसायचं.

आणि यात चूक काय होती? मराठीत बेरीज शिकवताना गुरुजी काय म्हणतात? सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. हातचा! इंग्रजी शाळेत त्याला कॅरी म्हणतात. आपल्या भाषेनं तो कुठे ठेवायचा ते शब्दातच सांगून ठेवलं आहे. माझ्या मैत्रिणीनं भाषेचं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा.

परीक्षेआधीचे दोन महिने आम्ही अभ्यासिकेत दर रविवारी खोटी परीक्षा घ्यायचो, अगदी खऱ्या नियमांनी. नियमांचं पत्रक मी लिहिलं आणि बाबांनी फुकट छापून दिलं. ते तांड्यावर, वस्तीत, बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांच्या पोरांनाही वाटलं. बाही अर्धी पाहिजे. मोठी बटणं नकोत. बूट नको, साधी चप्पल. घड्याळ नको, अंगठी नको, कानात काही नको, केसांत चापसुद्धा नको. पाण्याची बाटली आरपार दिसणारी. पेन आपलं न्यायचं नाही, तिथलंच मिळेल. आणि शेवटी जाड अक्षरांत: कच्च्या कामासाठी वेगळा कागद मिळणार नाही, पुस्तिकेत रफसाठी कोरी जागा आहे, तिथेच करा, उत्तरपत्रिकेवर एक टिंबसुद्धा जास्तीचं काढू नका.

"चाप नाई त माह्या वेणीचं काय करू?" मैत्रीण म्हणाली. तिची वेणी कमरेखाली होती.

"रबर लाव."

"रबर चालते हे कुठी लिहिलं हाये?"

"चालत नाई असं कुठी लिहिलं हाये?" मी म्हणाले. माझा मुद्दा नेहमी हाच असतो. जे मना केलेलं नाही ते चालतं.

रफच्या जागेवरून मात्र आमची दर रविवारी भांडणं व्हायची. माझी पुस्तिका रेघोट्यांनी काळी झालेली असायची आणि तिची पानं कोरी करकरीत.

"रफची जागा काय भाड्यानं द्याची हाये तुले?"

"कोरी राह्यली त याडीच्या कामी पडन. नक्षी काढाले कागद कुठी भेटते तिले?"

"अवं पण चुकलं तर तपासशील कशावर?"

तिनं मला दहा बोटं दाखवली.

मी सोडून दिलं. नियमांत बोटांबद्दल एक अक्षर नव्हतं. मी तो कागद इतक्यांदा वाचला होता की झोपेतही म्हणून दाखवला असता.

परीक्षेचं केंद्र यवतमाळला आलं. आम्ही दोघींनी एकाच दिवशी, बाबांच्याच दुकानात बसून फॉर्म भरले होते, त्यामुळे की आणखी कशामुळे, आमची खोलीही एकच निघाली. सकाळच्या गाडीनं निघालो. सोबत याडी होती, फेटिया, अंगात काचळी, केसांच्या दोन्ही बाजूंना चांदीच्या घुगऱ्या, असा पूर्ण थाट करून. पोरगी परीक्षेला जाते म्हणजे कार्यच की, साध्या लुगड्यात कशी जाऊ, असं तिचं म्हणणं. घुगऱ्यांचा आवाज गाडीभर. उन्हानं टिन तापलेलं, आणि कंडक्टरसुद्धा हळूच विचारून गेला, कोणाचं लग्न?

शाळेच्या गेटवर बायकांची वेगळी रांग होती. खाकीतल्या एक बाई हातातलं यंत्र प्रत्येकीच्या अंगावरून फिरवत होत्या. याडी लेकीची वेणी धरून तिच्यासोबतच रांगेत पुढे सरकली. यंत्र आधी याडीवरूनच फिरलं आणि जोरात वाजलं.

"मावशी, तुमी पेपर देता का?"

"देल्ला असता," याडी म्हणाली, "पण तुमी घुगऱ्या काढाले लावता." मग लेकीकडे वळून म्हणाली, "तूच दे माह्याऐवजी."

रांग हसली. खाकीतल्या बाईही हसल्या. मैत्रिणीची वेणी त्यांनी वरून खालपर्यंत चाचपून पाहिली, म्हणाल्या, लय लांब आहे वं, तेल कोणतं लावते? आणि सोडलं. इथवर सगळं छान होतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. झडती घेतली म्हणून माझी तक्रार नाही. झडती हसतही घेता येते, हे मी त्या गेटवर पाहिलंय.

खोलीत ती माझ्या पुढच्या रांगेत, जरा तिरकी. तिचे दोन्ही हात मला दिसत होते. पर्यवेक्षक म्हणून एक मॅडम होत्या. त्या कोणत्यातरी इंग्रजी शाळेत शिकवत असाव्यात, कारण सूचना त्यांनी आधी इंग्रजीत वाचल्या आणि मराठीत वाचताना अडखळल्या. त्या वाईट नव्हत्या, पण सकाळपासून उभ्या होत्या आणि घाबरलेल्या होत्या. आपल्या खोलीत काही निघालं तर आपली नोकरी जाईल, ही भीती त्यांच्या चपलेच्या आवाजातसुद्धा ऐकू येत होती.

घंटा झाली. सील फोडलं. थोड्याच वेळात मैत्रिणीचा अंगठा पेरांवर फिरायला लागला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. चपला तिच्या बाकापाशी थांबल्या.

"ए, हे बोटांचं काय चाललंय?"

तिनं मान वर केली नाही. मान वर केली की आकडा सुटतो. "हातचा हाये, मॅडम."

"हातात आहे? काय आहे हातात?"

"हातचा."

"हातचं काय? मूठ उघड!"

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. तिनं मूठ उघडली. आत अर्थातच काही नव्हतं. हातचा दिसत नसतो.

"दुसरी. पालथी कर. कोणाला इशारा करत होतीस?"

"कोनालेच नाई मॅडम, मोजून राह्यली होती."

"मोजायला पुस्तिकेत रफची जागा दिली आहे. कळतं का? जे करायचं ते तिथे. सूचना वाचता येत नाहीत?"

मग त्यांनी दारातून खाकीतल्या बाईंना बोलावलं. त्याच बाई. आता त्या हसत नव्हत्या. तिला उभं केलं, बाहीच्या आत पाहिलं, मानेमागे पाहिलं, वेणी पुन्हा चाचपली. सगळी खोली पेपर सोडून तिच्याकडे बघत होती. "काई नाई मॅडम," खाकीतल्या बाई म्हणाल्या, आणि जाताना त्यांनी तिच्या खांद्याला जरासा हात लावला.

मॅडमना तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण इतकी झडती घेतल्यावर काहीच निघालं नाही तर माणूस आणखी चिडतो. "डावा हात बाकावर पालथा ठेव. उजव्यानं लिही. बोट हललेलं दिसलं किंवा ओठ हलले तर मी रिपोर्ट करीन."

मी उभी राहिले. मला न विचारताच पाय उभे राहिले.

"मॅडम, बोटांवर मोजू नये असं कोणत्या सूचनेत लिहिलंय?"

"तू कोण, तिची वकील?"

काही पोरं हसली. मी दुसरं वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं, चांगलं लांब वाक्य. तेवढ्यात मैत्रीण मागे न बघता, दातांतून, अगदी तिच्या काकासारखी म्हणाली, "बस ना वं माय."

मी बसले. तिचा रविवार होता तो, माझा नव्हता. मी आणखी बोलले असते तर रिपोर्ट तिचाही झाला असता, आणि पुढचं सगळं याडीच्या बेताप्रमाणे झालं असतं. बसले, पण माझ्या पुस्तिकेतली अक्षरं मला दिसेनात.

ती किती वेळ तशीच होती, सांगता येत नाही. डावा हात पालथा, उजव्यात पेन, आणि पेन हलत नाही. पाठमोरी होती, पण मला तिचे कान लाल झालेले दिसत होते. मी मनात सगळ्यांना शिव्या घालत होते: मॅडमना, शाळेला, आणि ज्यानं हातचा हा शब्द काढला त्यालाही.

मग तिनं पुस्तिका उलटली. शेवटचं पान, रफसाठी कोरं सोडलेलं. ते पान तिनं हळूच डाव्या हाताखाली सरकवलं. हात पालथाच होता, बाकावरच होता, फक्त मध्ये कागद आला. आणि पेन करंगळीच्या बाहेरच्या कडेनं वर चढायला लागलं. वळसा घालून खाली, मग पुढच्या बोटावर, वर, खाली. आपण लहानपणी पाटीवर पंजा काढायचो तसा तिनं पंजा काढला. हात बाजूला घेतला, पुन्हा पालथा ठेवला, आणि काढलेल्या बोटांवर पेरांच्या रेघा मारल्या. मग पान जरा सरकवून शेजारी दुसरा पंजा. उजवा हात काढता येईना, कारण पेन उजव्या हातात होतं, म्हणून पुन्हा डावाच. कागदावर दोन्ही हात डावे झाले. त्यातला एक तिनं उजवा समजून घेतला.

आणि पेनाचं टोक त्या कागदी पेरांवर चालायला लागलं. बोट हलत नव्हतं. ओठ हलत नव्हते.

मॅडम फिरत फिरत पुन्हा तिच्यापाशी आल्या.

"हे काय चित्र?"

"रफ काम, मॅडम."

मॅडमनी पान पाहिलं, तिचा हात पाहिला, पुन्हा पान पाहिलं. जे करायचं ते तिथे, असं त्यांनीच सांगितलं होतं. चपला पुढे गेल्या, आणि मग त्या बाकापाशी पुन्हा थांबल्या नाहीत.

मला त्या क्षणी जे वाटलं ते मी कोणत्याच पत्रकात लिहू शकले नसते. उभं राहून ओरडणं मला येतं. नियमाच्या आत हात घालून आपली जागा काढणं तिला आलं. मी माझा पेपर उरकला, कसाबसा, पण खुशीत.

सुटल्यावर याडी शाळेमागच्या लिंबाखाली भाकर-ठेच्याचं गाठोडं सोडून बसली होती. शेजारच्या दोन बायकांनाही तिनं जेवायला बसवलं होतं. पुस्तिका घरी न्यायला मिळते, म्हणून मैत्रिणीनं शेवटचं पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि झालं ते सांगितलं. मला वाटलं याडी चिडेल. तिनं पान दूर धरून नीट पाहिलं, टाके बघते तसं.

"दोन्ही डावे हात," ती म्हणाली. "असे हात घेऊन सासरी जाशीन त लोक मलेच बोलतीन."

मैत्रीण हसली, ठेचा डोक्यात गेला, पाणी प्याली, आणि मग रडली. याडीनं तिची पाठ चोळली.

मी मात्र ऑफिसात गेले. तिथल्या टेबलामागच्या सरांना सांगितलं, तक्रार द्यायची आहे.

"कोणाचा पेपर रद्द झाला का?"

"नाही."

"कोणाला बाहेर काढलं का?"

"नाही."

"मग तक्रार कशाची?"

"तिचा वेळ गेला."

"किती गेला? मोजला कोणी?"

बोटांवर मोजला असता सर, पण बोटं बंद होती. हे उत्तर मला जिना उतरल्यावर सुचलं, आणि परत वर याडीनं जाऊ दिलं नाही. गाडी सुटेल म्हणाली. अर्ज मी घरून पाठवला. त्याला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

निकाल लागला तेव्हा ती अभ्यासिकेतच होती, आवाज करणाऱ्या पंख्याखाली. नागपूरला दातांच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. काकानं त्या दिवशी ऑटोत कोणालाच भाडं मागितलं नाही, आणि घाटंजीच्या चौकात जो भेटेल त्याला दात आवळून सांगत सुटला. माझा नंबर लागला नाही. बाबा दोन दिवसांनी म्हणाले, झेरॉक्सच्या दुकानाला तसाही वकीलच कामाचा. मी आता कायदा शिकते. "तू कोण, तिची वकील?" याला पुढच्या वेळी मला होय म्हणता येईल.

सुट्टीत ती घरी येते तेव्हा तांड्यावरच्या झाडाखाली खाट टाकून बसते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडात बोटं घालायला लावते. आधी लोक टाळायचे. आता पोरं आपणहून येऊन तोंड उघडून दाखवतात, तीन गेली, तीन गेली, असं ओरडत. ज्याची दोनच जातात तो गुपचूप मागे सरकतो, आणि तिची नजर बरोबर त्याच्यावर असते. काकाचा खर्रा तिनं सोडवला. कसा, ते विचारू नका, घरात बरीच आदळआपट झाली. तिनं सांगितलेला व्यायाम तो रोज करतो, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. मागच्या खेपेला त्याचं दुसरं बोट आत गेलं, तिरकं, पण गेलं. त्यानं ते लगेच बाहेर काढलंच नाही. तसाच बोटं तोंडात घेऊन तांडाभर फिरला, आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

अभ्यासिकेतली खोटी परीक्षा चालू आहे. मी त्यात मॅडम होते. बाबांचा चष्मा लावते, चपला वाजवत फिरते, आणि कोणाच्याही बाकापाशी थांबून ओरडते, मूठ उघड! पोरं आता पंजा इतक्या झटकन काढतात की माझं ओरडून होईपर्यंत पेरांच्या रेघासुद्धा मारून झालेल्या असतात. एकीनं तर पंजाला बांगड्याही काढल्या. तिला मी सांगितलं, बांगड्या परीक्षेला चालत नाहीत. त्या दिवशी सगळी खोली इतकी हसली की विहारातले आजोबा बघायला आले.

तर असं सगळं चांगलं झालं. पण चांगलं झालं म्हणून मी गप्प बसावं, हे मला मान्य नाही. तिला पंजा सुचला. प्रत्येकीला सुचणार नाही. त्याच रविवारी दुसऱ्या कोणत्या तरी खोलीत कोणाची तरी बोटं बंद झाली असतील, आणि तिनं पेन खाली ठेवलं असेल, आणि तिच्या घरी दुसऱ्या दिवसापासून पाहुणे यायला लागले असतील. बोटांवर मोजणाऱ्या मुलीला रफचा कागद जन्मतःच मिळालेला आहे. तो तिच्या मनगटाला जोडलेला आहे. तो काढून घ्यायचा अधिकार कोणत्याही सूचनेनं कोणालाही दिलेला नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणी आहे. आपल्या जिल्ह्यात दर दुसऱ्या घरात एक शिक्षक आहे. हे वाचणारे तुम्ही तरी असाल, नाहीतर तुमची बहीण, मेहुणा, शेजारी असेल. यंदा परीक्षेची ड्युटी लागेल. खोलीत उभं राहून सूचना वाचाल तेव्हा शेवटी एक ओळ आपल्या मनानं जोडा, मोठ्यानं, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी: "हातचा हातावर ठेवला तरी चालेल." ती म्हटल्याशिवाय घंटा वाजू देऊ नका.